सुताच्या वाटेनं

चित्रंबित्रं बघणं हे भरल्या पोटाचं काम, असं आपल्यातलेच काही म्हणतात. परदेशी चित्रं साहेबांची, जुनी शिल्पं देवळांची, आपला काय संबंध? मला हे पटत नाही. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस. कापड गिरणीत उभा राहतो, तुटलेलं सूत सांधतो. कलेतलं मला जे कळतं ते या सुताच्या वाटेनं कळतं.

1884 साली व्हॅन गॉगनं हॉलंडमधल्या न्यूनेन गावातल्या विणकरांची चित्रं काढली. वाचनालयातल्या पुस्तकात मी ती बघितली. भला थोरला लाकडी माग, आणि आत पिंजऱ्यात कोंडल्यासारखा माणूस. त्याची पाठ किती दुखते, हे कुठल्या टीकाकारानं मला सांगायला नको. पण मला आणखी एक आठवतं. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे. विटाळ होतो म्हणून आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. आणि पगार जास्त त्याच खात्यात! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. व्हॅन गॉगचा विणकर गरीब खरा, पण त्याच्या ओठांना सुताची बंदी नव्हती. चित्र आवडलं म्हणून हा फरक विसरायचा नाही.

अमेरिकेत हॅरिएट पॉवर्स नावाची काळी बाई होती. 1837 साली जॉर्जियात गुलामीत जन्मली. कापडाचे तुकडे जोडून तिनं बायबलातल्या गोष्टींची वाकळ शिवली. जीव की प्राण असलेली ती वाकळ अडचणीपायी विकावी लागली. मागितले 10 डॉलर, हातावर पडले 5. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्या आयाबाया जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवत आल्या, आपण त्यावर नुसते झोपलो.

आणि नाशिकची लेणी. लोक पांडवलेणी म्हणतात. आहेत ती बौद्ध भिक्खूंची. 10 नंबरच्या लेण्याच्या ओसरीत सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात त्यात सांगतो की 2,000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडं ठेवले, 1,000 दुसरीकडं. पहिल्या रकमेच्या व्याजातून 20 भिक्खूंना चीवराचे पैसे. म्हणजे राजाचा जावई विणकरांच्या भरवशावर पैसा ठेवत होता! वर खांबांवरची जनावरं बघत राहावीत अशी कोरलीत. पण लेखात नाव दात्याचं आहे, छिन्नी चालवणाऱ्याचं नाही.

म्हणून म्हणतो, कुठल्याही देशाचं, कुठल्याही काळाचं काम असो, जवळ जाऊन बघा. आवडलं तर मोकळ्या मनानं आवडू द्या. मग विचारा, हात कुणाचे होते, नाव कुणाचं लागलं, किंमत कुणी ठरवली. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

नाशिकला जमलो की 10 नंबरचं लेणं बघायला जाऊ. लेख कुठं आहे ते मी दाखवतो.