लहान मशीन, मोठा जॉब

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो आणि गुळाची ढेप घेऊन गावची एस.टी. पकडतो. शिवाजी उद्यमनगराकडे वळणारा विरळाच. वास्तविक शेतकऱ्याने ही वस्ती मुद्दाम पाहावी. विहिरीवरची तेल-इंजिने आणि उसाचे चरक यांच्या कामावर इथले कारागीर नावारूपाला आले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला मोठ्या वसाहती झाल्या, तरी दोन-तीन मशीनवर घर चालवणारी छोटी वर्कशॉप अजून गल्लोगल्ली आहेत.

अशाच एका वर्कशॉपमध्ये मी दिवसभर बसलो होतो. दोघे भाऊ, थोरला गावाकडे ऊस पाहतो, धाकटा इथे संगणकाच्या हुकमावर चालणारे सीएनसी मिलिंग मशीन. मशीन मध्यम. त्याचे टेबल लांबीला ८०० मिलिमीटर सरकते. आणि समोर जॉब होता ॲल्युमिनियमच्या प्लेटचा: लांबी १२००, रुंदी ४००, जाडी २५ मिलिमीटर. प्लेट गिऱ्हाइकाची. बिघडली तर भरपाई वर्कशॉपने द्यायची.

“मोठं मशीन का घेत नाही?” मी विचारले.

“घेता येईल हो, पण हप्ता कोण भरणार? असे जॉब महिन्याला एखाद-दुसरे येतात,” धाकटा म्हणाला.

प्लेटचे वजन सुमारे ३२ किलो. लोखंडाची असती तर ९४ भरली असती. दोघांनी ती सहज उचलली. टेबलावर तिच्याइतकी लांब, जाड आधारपाटी आधीच बसवलेली होती, म्हणजे बाहेर राहिलेले टोक लवणार नाही. टेबल सरकले की हे टोक मशीनबाहेर येते, म्हणून तेवढी जागा दोरीने अडवली होती.

काम दोन मांडण्यांत करायचे. पहिल्या मांडणीत डावीकडचे ७०० मिलिमीटर. मग प्लेट सरकवून उजवीकडचे ७००. मधले २०० दोन्ही वेळा कटरच्या टप्प्यात येतात. या समाईक पट्ट्यात, रुंदीच्या दोन कडांजवळ, त्याने पहिल्याच मांडणीत दोन अचूक भोके पाडली. प्लेट सरकवल्यावर स्पिंडलला डायल लावून तीच भोके शोधली आणि पुढची सगळी मापे तिथूनच घेतली.

शेताची मोजणी आठवा. हद्दीचा दगड पक्का असेल तर मोजणी कितीही वेळा करा, शेत तेवढेच भरते. दगडाऐवजी बांधाच्या कडेपासून मोजले, तर दर खेपेला वाद. प्लेटची कडाही तशीच बेभरवशाची.

भोकांमधले अंतर ३०० मिलिमीटर. तिथे ०.०२ मिलिमीटरचा तिरकसपणा राहिला, तर ६०० मिलिमीटर लांब गेल्यावर तो ०.०४ होतो. म्हणून डायलची सुई स्थिर होईपर्यंत धाकट्याने अर्धा तास घालवला. कटर चालू करण्याची घाई केली नाही.

ॲल्युमिनियमच्या खोडीही असतात. मऊ असल्याने चुरा कटरला चिकटतो. म्हणून कमी धारांचा कटर लावतात, मधल्या मोकळ्या खाचांतून चुरा बाहेर पडतो, आणि वरून कुलंटची धार चालू ठेवतात. एकाच बाजूची साल जास्त काढली तर आतला ताण मोकळा होऊन प्लेट उन्हातल्या ओल्या फळीसारखी वाकते. म्हणून दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढून, क्लॅम्प ढिले करून ती रात्रभर ठेवली होती. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुपटीने वाढते. १० अंशांत मीटरभर लांबी सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते. म्हणून एक भाग पहाटे आणि दुसरा भर दुपारी, असे शेवटचे माप कधी घेत नाहीत.

संध्याकाळी प्लेट उतरवली. जोडाच्या जागी नखाने चाचपले, पायरी लागली नाही. भोकांची अंतरे डायल आणि मापपट्टीने तपासली, तेव्हा कुठे धाकट्याने चहा सांगितला.

आपल्यातली पुष्कळ मुले आय.टी.आय. करून अशा वर्कशॉपांत लागतात. मुलाला तिथे पाठवताना पगार विचाराच. पण ‘सेटिंग शिकवता का?’ हेही मालकाला विचारा. बटणे दाबणे महिन्याभरात येते. खुणेवर मन ठेवून अर्धा तास सुईकडे बघत बसणे यायला वर्षे लागतात, आणि पुढे स्वतःचे मशीन टाकायचे झाले तर त्याच शिक्षणावर टाकता येते.