खऱ्या कारणाचा अर्ज

डिसेंबर 2025 मधली गोष्ट. नववीच्या वर्गातला एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता. चौथ्या दिवशी त्याने अर्ज आणून दिला. 'तापामुळे शाळेत येऊ शकलो नाही.' खाली वडिलांची सही. अर्ज देताना त्याची बोटे दिसली. कापूस वेचणाऱ्या माणसाची बोटे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणीही ओळखेल. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ती ओरखडलेली होती. मी म्हटले, "बेटा, ताप बोटांना आला होता का?" वर्ग हसला. तो मान खाली घालून उभा राहिला. खोटे पकडल्याचे मला त्या दिवशी समाधान वाटले, हे आधीच सांगून टाकते.

त्याच आठवड्यात टीव्हीवर विमानतळांवरची गर्दी दाखवत होते. इंडिगो कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द होत होती. 5 डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कोणाची परीक्षा चुकली, कोणाचे लग्न. रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "वैमानिकांना इतकी विश्रांती लागते तरी कशाला? पगार तर लाखांत आहे."

माझे सासरे, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, तीस वर्षे बस चालवून निवृत्त झाले. मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात जायचे, रात्री गाडीतच आडवे व्हायचे आणि पहाटे पहिली फेरी काढायचे. ते म्हणाले, "पगाराने डोळा उघडा राहत नाही. सहेरीला उठून फजरनंतर काम करणाऱ्याला विचार."

वाद नेमका त्या डोळ्याचाच होता. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन विश्रांतीचे नवे नियम लावून धरले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. रात्रीच्या वेळेत सहापर्यंत विमाने उतरवता येत असत, ती संख्या दोनवर आली. नियमांचा दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरपासून लागू झाला. नियम येणार हे आधीपासून ठाऊक होते, तरी कंपनीचे वेळापत्रक आणि वैमानिकांची संख्या यांचा मेळ बसला नाही. शेवटी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. वैमानिकांच्या संघटनेने त्याला आक्षेप घेतला. गैरसोय प्रवाशांची झाली होती, पण सूट मिळाली ती वैमानिकाच्या झोपेतून.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि 25 माणसे गेली. त्या अपघाताची कारणे ठरवणे माझे काम नाही. पण तेव्हापासून रात्रीच्या गाडीत चढताना मी चालकाच्या चेहऱ्याकडे पाहते. विमानात तर ते दारही बंद असते.

आमचे हे तरी म्हणालेच, "संघटना म्हणजे लोकांना वेठीला धरणे. ते जेट एअरवेजवाले आठवत नाहीत का?"

आठवत होते. सप्टेंबर 2009, रमजानचा महिना. मुंबईच्या जेट एअरवेजमधल्या वैमानिकांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' नावाची संघटना नोंदवली. संघटनेच्या कामात पुढे असलेल्या दोघांना कंपनीने काढून टाकले. बाकीच्यांनी संपाची नोटीस दिली. मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. मग 8 सप्टेंबरला चारशेहून अधिक वैमानिक एकाच दिवशी 'आजारी' पडले. पाच दिवस रोज शेकडो उड्डाणे रद्द होत राहिली. ईद जवळ आलेली, घरी निघालेली माणसे विमानतळावर बसून. शेवटी तडजोड झाली, काढलेल्यांना परत घेतले गेले आणि सगळे आजारी एकदम बरे झाले. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानातल्या कर्मचाऱ्यांनीही व्यवस्थापनावर नाराज होऊन हाच मार्ग धरला. कंपनीने 25 जणांना काढले आणि कामगार आयुक्तांसमोर बोलणी झाल्यावर परत घेतले.

अब्बा म्हणाले, "हक्क मागणे वेगळे आणि आजाराचे खोटे कारण देणे वेगळे." मला ते पटले. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी 14 ते 20 तारखेपर्यंत राज्यातल्या कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात मीही होते. दहावीची परीक्षा चालू होती. बाजारात पालक तोंडावर बोलले, मीही ऐकून घेतले. पण मी आजारी आहे असे कुठे लिहून दिले नाही. संपावर आहे, असेच सांगितले.

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले आणि तिथेच अडकले. कारण एकदा मीही खोटा अर्ज दिला होता. नोकरीच्या सुरुवातीला, एका संस्थेत. अम्मीचे डोळ्याचे ऑपरेशन होते. खरे कारण सांगून दोन दिवसांची रजा मागितली, तर वरिष्ठ म्हणाले, "घरात दुसरे कोणी नाही का?" आणि अर्ज परत दिला. दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीचा निरोप पाठवला. रजा लगेच मंजूर झाली. खऱ्याला दार बंद आणि खोट्याला उघडे. अल्लाहसमोर त्या खोट्याची जबाबदारी माझीच आहे. पण दार बंद करणाऱ्याकडून काहीच विचारले जाणार नाही, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावले आणि विचारले, "खरे का लिहिले नाहीस?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, मागच्या साली खरं लिहिलं होतं. तुम्ही वर्गात उभं केलं होतं."

मला आठवलेसुद्धा नाही. त्याला आठवत होते.

कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचतात तो प्रसंग आपण सगळे जाणतो. मुलगी वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा, कारण कामाला ठेवण्यास तोच चांगला जो सशक्त आणि विश्वासू असतो. नोकराने कसे असावे हे सांगताना आपण एवढेच सांगतो आणि थांबतो. पण पुढच्याच आयतमध्ये ते वृद्ध पिता कराराच्या अटी स्पष्ट सांगतात, आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केलीस तर तुझी खुशी. आणि सोबत हमी देतात की मला तुझ्यावर कष्ट लादायचे नाहीत. विश्वासू माणूस हवा असेल तर मालकाच्या बाजूनेही काही द्यावे लागते. जेटच्या वैमानिकांचे ते खोटे आजारपण मी आजही बरोबर म्हणणार नाही. पण संघटना काढली म्हणून माणूस काढणाऱ्याने खऱ्या अर्जाची वाट आधीच बंद केली होती, हेही सांगितले पाहिजे. पुढे 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा त्याच कंपनीच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते.

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. सोपे नव्हते, घसा कोरडा पडला. मग सगळ्यांना सांगितले की अर्जात खरे कारण लिहा, खऱ्या कारणासाठी कोणालाही उभे केले जाणार नाही. बुडलेला अभ्यास मात्र भरून काढावा लागेल. त्याच्या वडिलांना भेटून हेही सांगितले की वेचणी रविवारी ठेवा, शाळेचे दिवस मोडू नका. ते म्हणाले, "मजूर मिळत नाही मॅडम, बघतो."

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन अर्ज होते. एकावर लिहिले होते, 'कापूस वेचायला गेलो होतो.' दुसऱ्यावर, 'ताप आला होता.' दुसऱ्या मुलाच्या कपाळावर मी हात ठेवून पाहिला. खरोखरच कणकण होती.