रुळांवरचे बिऱ्हाड

परमुलखात चाकरी करणाऱ्या माणसाचे खरे गाव म्हणजे स्टेशन. बदलीच्या गावी तो प्रथम तेथे उतरतो आणि निरोपाचे हारही तेथेच गळ्यात पडतात. म्हणून गांधीनगरच्या स्थानकावर मजले चढू लागले तेव्हा आमच्याच घरावर कोणी माडी बांधीत आहे, असे आम्हांस वाटले.

१६ जुलै २०२१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. खाली स्थानक, वर ३१८ खोल्यांचे हॉटेल; तेही जमिनीपासून सुमारे २२ मीटर उंचीवर. राज्य सरकार व रेल्वे यांच्या भागीदारीतील महामंडळाने हे काम केले. हेतू उघड आहे. रेल्वेची जमीन न विकता तिच्यावरचे आकाश उपयोगात आणावे आणि जवळच्या महात्मा मंदिरात परिषदांस येणाऱ्या पाहुण्यांची सोय व्हावी. आराखडा करणाऱ्याचे कष्टही आम्ही जाणतो. रूळ सहजी हलविता येत नाहीत. खांब कोठे रोवायचे हे रूळ ठरविणार आणि पाहुण्याचा पलंग कोठे पडणार हे खांब! शिवाय गाडीचा हादरा त्या पलंगापर्यंत पोहोचता कामा नये.

एकदा आईला मुंबईस धाकट्या भावाकडे पाठविण्यासाठी आम्ही तेथे गेलो. गाडीस दीड तास अवकाश होता. तिचे गुडघे दुखत होते. रिक्षातून उतरताच वर पाहून ती म्हणाली, "अरे, वर बिऱ्हाड कुणाचं?"

"हॉटेल आहे, आई."

"मग जिना कुठाय?"

जिना आम्हांस दाखविता आला नाही. हॉटेलाची वाट निराळी, मोटारींची. खाली प्रार्थनागृह आहे, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी खोली आहे. स्थानकास नावे ठेवावीत असे काही नाही. परंतु आईचे बालपण पुण्याच्या वाड्यात गेलेले. रस्त्याच्या अंगास दुकाने, माडीवर मालक, मागल्या चौकात भाडेकरू. ज्याला आज 'मिश्र वापर' म्हणतात तो तिच्या अंगवळणी पडलेला. मात्र तेथे दिंडीदरवाजा एक आणि नळही एकच. भांडायचे म्हटले तरी मालकाची व भाडेकरूची गाठ पडे. येथे वापर मिसळले, माणसे मिसळली नाहीत.

हे दुसऱ्यास बोल लावण्यासाठी आम्ही लिहीत नाही. दुसऱ्या एका शहरातील अशाच योजनेच्या फाइलीवर 'प्रवाशांचा ओघ सर्वस्वी स्वतंत्र ठेवावा' हा शेरा आमच्याच हातचा आहे. गर्दी आणि सुरक्षितता पाहता तो योग्य होता. आजही तो चूक म्हणवत नाही.

आई त्या दिवशी दीड तास बाकावर बसून राहिली. आडवे व्हायला मिळाले असते तर बरे झाले असते, एवढेच म्हणाली.

परवा ती फाइल फेरविचारासाठी पुन्हा आमच्या टेबलावर आली. जुन्या शेऱ्याखाली चार बोटे जागा कोरी आहे. तेथे जिना मागावा, तर त्यावर पहारा कोणी ठेवायचा आणि त्याचा खर्च कोणत्या खाती टाकायचा, हे वरिष्ठ विचारणारच. त्या उत्तराची जुळवाजुळव करीत आम्ही कालची संध्याकाळ कचेरीतच काढली.