ठमीचं बीपी

वाई

प्रिय सुलू,

सध्या मुक्काम पोस्ट वाई. आत्या बसने नर्मदा परिक्रमेला गेलीय आणि जाताना घराची किल्ली, तुळशीचं पाणी आणि ठमी हे सगळं माझ्यावर सोपवून गेलीय. तुला ठमी आठवते ना? तू शेवटची आलीस तेव्हा तुझ्या नव्या पर्समध्ये झोपली होती ती. आता सोळा वर्षांची आहे. मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांइतकं, दुसरं संपलं की चोवीस, आणि पुढे दरवर्षी चार धरायची, असा जनावरांच्या डॉक्टरांचा हिशेब आहे. म्हणजे ठमी झाली ऐंशीची आणि आत्या चौऱ्याहत्तरची. पाळलेलं पिल्लू बघता बघता तिची थोरली बहीण झालं.

तर ही थोरली बहीण आत्या गेल्यावर काही दिवसांतच विचित्र वागायला लागली. रात्री दोन-अडीचला मधल्या खोलीत उभी राहून ओरडायची. म्याव नव्हे गं, पोटातून काढलेला लांबलचक आवाज, ऐकून अंगावर काटाच यायचा. दिवा लावून जवळ गेलं की गप्प. दिवसा भिंतीकडे तोंड करून बसायची. मोरीतल्या बादलीत डोकं घालून पाणी पीत राहायची. घमेल्यातली वाळू सोडून देवघरापुढच्या सतरंजीवर कार्यक्रम उरकायची, आणि चालता चालता पाटाला धडकायची.

विश्वकोश ज्या गावात घडला त्या गावात सल्ल्यांना काय तोटा? शेजारच्या काकू म्हणाल्या, तिला काहीतरी दिसतंय, दिवेलागणीला उदबत्ती फिरव. दूधवाले म्हणाले, म्हातारी झाली ताई, चालायचंच. समोरची सून शिकलेली. तिचं मत, आत्यांच्या आठवणीने डिप्रेशन. आणि एकजण अर्धी क्रोसिन दुधातून दे म्हणाल्या, अंग दुखत असेल. हे मात्र तुझ्या तिकडच्या मांजरवाल्या मैत्रिणींनाही सांगून ठेव. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजराला विष आहे. आपलं यकृत ते ज्या वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ नसतेच. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मला सगळ्यांत जास्त राग आला तो दूधवाल्यांच्या ‘चालायचंच’चा. आपल्याकडे माणसाचंही असंच करतात बघ. म्हातारं माणूस रात्री उठून बडबडलं की ‘वय झालं’ म्हणायचं आणि कूस बदलून झोपायचं. वय झालं म्हणजे नक्की काय झालं, हे विचारायचे कष्ट कुणी घेत नाही.

मला खटकले ते तिचे डोळे. भर दुपारी, अंगणातल्या उन्हात, बाहुल्या कोटाच्या बटणाएवढ्या मोठ्या. मांजराच्या बाहुलीची उन्हात रेघ व्हायला हवी की नाही? गावातले डॉक्टर मुख्यतः गायी-म्हशी बघतात. त्यांनी टॉर्च मारून पाहिला आणि सरळ सांगितलं, हिचं बीपी मोजायला हवं, माझ्याकडे एवढा लहान पट्टा नाही, पुण्याला न्या. मग भाजीच्या झाकणाच्या टोपलीत ठमी, मांडीवर टोपली, आणि भाड्याची गाडी. खंबाटकीच्या बोगद्यात तिने असा सूर लावला की ड्रायव्हरने गाणी बंद केली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिला नुसतं बसू दिलं. घाबरलेल्या मांजराचं बीपी तसंही चढतं. मग शेपटीच्या बुडाशी इवलासा पट्टा बांधून मोजलं, पहिला आकडा सोडून दिला, पुन्हा पुन्हा मोजलं. वरचा आकडा १६०च्या पुढे गेला तर मांजराला उपचार लागतात. ठमीचा दोनशेच्या वर! त्या दाबाने डोळ्यातले पडदे सुटले होते. भिंतीकडे बघत नव्हती गं ती, तिला दिसतच नव्हतं. रात्री अंधारात हाका मारत होती, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. हे शेवटचं माझं, डॉक्टरांचं नाही.

रक्त तपासलं. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइडही असंच ओरडायला लावतं, खा-खा सुटते आणि तरी वजन उतरतं. ते निघालं नाही. मूत्रपिंडं मात्र थकलीत, म्हणून ते बादलीत डोकं. मूत्रपिंड बिघडलं की दाब चढतो आणि दाब चढला की मूत्रपिंड आणखी बिघडतं, असं ते चक्र. घमेल्याचंही कारण कळलं. बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढून पाहिले होते, तर दर दहातल्या नऊ जणींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज सापडली. तो उंच काठ ओलांडताना दुखत असणार तिला. आता रोपवाटिकेतला उथळ ट्रे आणून त्यात वाळू घातलीय, सतरंजी वाचली.

आणि औषध कोणतं असेल, ओळख. अॅम्लोडिपिन! आत्या रोज सकाळी चहाबरोबर घेते तेच. फक्त ठमीला अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. केमिस्टने पेशंटचं नाव विचारलं, मी ‘ठमाबाई’ सांगितलं, त्याने तसं लिहूनही घेतलं.

दाब उतरलाय. ओरडणं बरंच कमी झालंय. नजर परत येईल याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही, म्हणून घरातली एक वस्तू मी हलवत नाही. पाट जिथे तिथेच, पाण्याचं भांडं जिथे तिथेच. मिशांनी चाचपत ती बरोबर स्वयंपाकघरात पोचते. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र बंद केलेत. आत्या सगळ्यांना सांगत असते, आमच्या ठमीला गोडाची भारी आवड. मांजराला गोड चव कळतच नाही. ते ओळखणारं जनुकच त्यांच्यात निकामी झालंय, हे २००५ साली सिद्ध झालं. ती इतकी वर्षं खव्यातलं तूप चाटत होती. हे आत्याला कोण सांगणार?

तिला काय काय सांगायचं हाच तर घोर होता. रोज संध्याकाळी फोन, पहिला प्रश्न ‘ठमी जेवली का?’ परिक्रमेत मध्येच नदी ओलांडायची नसते, संकल्प मोडतो. पण ठमीचं कळलं तर ती अमरकंटकहूनसुद्धा मिळेल ती गाडी पकडेल. शेवटी काल सांगून टाकलं, ठमीला बीपी आहे, गोळी चालू केलीय. डोळ्यांचं आल्यावर सांगेन. क्षणभर शांतता. मग म्हणाली, “कुठली गोळी?” मी नाव सांगितलं. “मग माझ्या डब्यातल्या तोडू नकोस हो, मोजून ठेवल्यात. तिची वेगळी आण.”

तर सुलू, आता कामाचं. तिकडे मांजराच्या घशात गोळी सोडायची पिचकारी मिळते म्हणे, टोकाला रबर असलेली. माझी बोटं बघशील तर कळेल कशाला हवी ते. तुझी लेक येतेय ना नाताळच्या सुट्टीत, तिच्याबरोबर एक पाठव. दोन पाठव, आत्या एक हरवणारच.

तुझी,
मंगल