पंगतीचे पैसे नकोत, पहाऱ्याला ये

प्रिय सखी,

तुझा निरोप वाचला. तुझ्या वडिलांच्या, नानांच्या नावानं दत्तजयंतीच्या सप्ताहात एक पंगत द्यायची आहे, पैसे कुठल्या खात्यावर पाठवू, असं विचारलंस. वाचून आधी डोळे भरले आणि मग लगेच लिहायला बसले. फोनवर बोलले असते, पण तुझ्या टोरोंटोची सकाळ होते तेव्हा इथे चुलीपाशी घाई असते आणि आपलं बोलणं अर्ध्यातच राहतं. हा विषय अर्ध्यात सोडण्यासारखा नाही.

अगं, पैसे आता कमी पडत नाहीत. आपण शाळेत होतो तेव्हा चैत्रापासून वर्गणी मागत फिरायचे, कुणी पायलीभर बाजरी द्यायचं, कुणी गुळाची ढेप. आता देवळाच्या खांबाला क्यूआर कोड चिकटवलाय. पुण्याजवळ चाकणला नोकरी करणारी पोरं, दुबईत असलेला पाटलांचा जावई, कांद्याला भाव मिळालेला एखादा शेतकरी, सगळे हजारांत देतात. सातही दिवसांच्या पंगती कार्तिक लागायच्या आत वाटून होतात. काल्याच्या महाप्रसादासाठी तर पुढच्या वर्षांची नावं लागून राहिली आहेत. तू पैसे पाठवलेस तर कमिटी नाही म्हणणार नाही, नानांचं नाव फलकावर येईल, फोटोही येईल. पण नानांनी आयुष्यात एकदा तरी पंगत दिली होती का, आठव. त्यांनी दिला तो पहारा. रात्री दोन ते चारचा.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लहानपणी आपण तेव्हा झोपलेल्या असायचो. सात दिवस अखंड वीणा चालते. दोन तासांचा एक पहारा, दिवसाचे बारा, सप्ताहाचे चौऱ्याऐंशी. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि निदान दोन टाळकरी धरले तरी अडीचशे माणसं लागतात, आणि माणूस म्हणजे नुसतं नाव नाही, त्या वेळेला पायावर उभा असलेला माणूस. वीणा एकदा गळ्यात पडली की सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. सकाळचे पहारे पटापट भरतात, संध्याकाळी हरिपाठाच्या वेळेला तर टाळ कमी पडतात. रात्री बारानंतर मात्र यादी विरळ होते. मार्गशीर्षातली थंडी, नदीवरून येणारा वारा, दिवसभर कांद्याच्या लागणीत वाकलेली कंबर. तरणी पोरं बाहेरगावी, आणि जे गावात आहेत त्यांच्या वाट्याला रात्रीची वीज, म्हणजे पाणी द्यायला रानात जाणं. पुष्कळदा एकच म्हातारा दोन-दोन पहारे ओढतो.

यादीत दोन ते चारच्या ओळीला अजून ‘नानांचा पहारा’ असंच लिहितात. नाना गेल्यावर ते कुणी खोडलं नाही. त्यापुढे दर रात्री वेगळं नाव पडतं, ज्याला जमेल त्याचं. गेल्या वर्षी एका रात्री दहावीतला एक पोरगा उभा होता. चारला आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, त्याच्याकडून वीणा घ्यायला गेले. वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या, हे तुला ठाऊक आहे. पण पंच्याहत्तरीचे मामा त्या पोराच्या पायाला हात लावताना मी जवळून पाहिले आणि अंगावर काटा आला. हे पोरगं ज्या आळीतलं, त्या आळीत मामांच्या तरुणपणी कुणी पाणी प्यायचं नाही. मामांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांनी वीणा गळ्यात घातली, पोरानं टाळ उचलले आणि आणखी अर्धा तास थांबला. सप्ताहात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट. कीर्तनापेक्षाही मोठी.

कीर्तनं चांगली होतात, नाही असं नाही. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून आलेला कीर्तनकार पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. अभंग सोडत नाही, प्रमाणं तोंडपाठ असतात, चाल घेतली की मागचे टाळकरी सरसावून उभे राहतात. पण हल्ली काहींना गर्दी हसवायचीच फार घाई. सुनांवर, मोबाइलवर, पोरींच्या कपड्यांवर तासभर बोलायचं आणि अभंगाचं शेवटचं चरण दोन मिनिटांत उरकायचं, हे मला पटत नाही. मी कमिटीच्या बैठकीत तसं सांगितलं. यंदा सातपैकी दोन कीर्तनं महिला कीर्तनकारांची ठेवली आहेत.

ज्ञानेश्वरीच्या पारायणाला तू बसलीस तर तुला फार आवडेल. नेवासं आपल्याला इतकं जवळ की लहानपणी पैस खांबाला सहलीनं गेलो आणि चिंचा खात परत आलो. ज्या ग्रंथासाठी लोक लांबून येतात तो 1290 साली तिथे सांगितला गेला आणि पुढे पैठणात नाथांनी 1584 साली तो पाठ शुद्ध केला. दोन्ही गावं आपल्या एसटीच्या टप्प्यातली. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या घरात ओव्या, म्हणजे रोज सरासरी तेराशे. व्यासपीठावरून एक जण म्हणतो आणि त्याच्यामागे मंडपभर आवाज चालतो. पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्या बायका नुसतं बोट फिरवतात. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांचे ओठ हलू लागतात. अठरावा अध्याय एकटाच अठराशे ओव्यांच्या वर, तेव्हा शेवटी घसे बसलेले असतात, तरी कुणी उठत नाही. यंदा वाचणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त बायका आहेत. त्यातल्या काही साक्षरता वर्गात अक्षर ओळखायला शिकल्या आणि थेट ज्ञानेश्वरीला बसल्या.

आता भाकरीचं सांगते. त्यावरून यंदा बैठकीत बरंच वाजलं. आपल्याकडे घरटी वीस भाकरी, ट्रॉली आळीआळीनं फिरते, पांढऱ्या धोतरावर भाकरींचा ढीग पडतो आणि आमटी देवळामागे कढईत शिजते. सराला बेटाच्या सप्ताहाला श्रावणात हेच केवढ्या प्रमाणावर चालतं ते तू पाहिलंयस. गंगागिरी महाराजांची ती परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची, दर वर्षी वेगळ्या गावी सप्ताह आणि पंचक्रोशीतल्या गावांहून भाकरींच्या ट्रॉल्या. तर आमच्या बैठकीत एकानं मांडलं की आचाऱ्याला चपात्यांचं कंत्राट देऊन टाकू, पैसे आहेतच. मुद्दा खोटा नव्हता. कांदा लागणीच्या दिवसांत मजुरीला गेलेली बाई संध्याकाळी सहाला घरी येते, तिनं घरचं बघून आणखी वीस भाकरी कधी थापायच्या? मी म्हटलं, वीसच्या जागी पाच सांगा, पण दार सोडू नका. त्या ढिगात कुणाची भाकरी कुठली हे कुणाला सांगता येत नाही. पाटलांच्या वाड्यातली, मळ्यातली, वस्तीवरच्या ऊसतोड कुटुंबाच्या कोपीतली, सगळ्या एकात एक. कंत्राट दिलं की आपण सगळे नुसते जेवणारे होतो. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी घरटी दहा ठरल्या, आणि ज्या घरात बाई एकटी किंवा आजारी आहे तिथल्या भाकरी शेजारच्या पुरुषांनी करायच्या असंही ठरलं. दोघं-तिघं बाप्ये आत्तापासून थापायला शिकतायत.

यंदा सप्ताहातच मोक्षदा एकादशी येते, म्हणजे गीताजयंतीही. त्या दिवशी भाकरीला सुट्टी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला सगळं गाव सकाळी नऊला पंगतीत.

बाकी तू विचारलेल्या गोष्टी. गुरुवारचा बाजार भरतो, अजून तसाच, पण तुझ्या आठवणीतला बांगडीवाला आता येत नाही. बोंबील, कांद्याचं रोप, गावरान कोथिंबीर, भेळेची गाडी, सगळं आहे. बाजार टिकतो, त्याला बोलवावं लागत नाही. वाडीवरच्या बायकांना माहेरचं माणूस तिथे भेटतं, सोयरिकीची पहिली बोलणी चहाच्या टपरीवर होतात, आणि कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते सुतळीच्या दुकानापाशी कळतं. दहाव्यालाही गाव लोटतं. सकाळी आठला नदीवर प्रवचन असतं, मात्र श्रद्धांजलीची भाषणं इतकी लांबतात की घरच्यांना रडायलाही निवांतपणा मिळत नाही, हे मला फार खटकतं.

ग्रामसभेचं मात्र वाईट आहे. कायद्यानं शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढे हवेत. तेवढेही पुष्कळदा जमत नाहीत, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. चार टाळकी बसून गावच्या पाण्याचा, रस्त्याचा निर्णय घेतात. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं ग्रामसभेच्या जोरावर गाव उभं केलं, बोअरवेलच्या पाण्यावर शेती करायची नाही हे ठरवून पाळलं. आमच्याकडे महिला ग्रामसभा आधी घ्यायची असते, तिला आम्ही आता नेमानं जातो. सप्ताहाच्या रात्री दोनला थंडीत उभं राहणारं गाव दुपारी अकराला शाळेच्या ओट्यावर का येत नाही, हे मी ज्याला त्याला विचारत असते. मला वाटतं, पहाऱ्याला आपलं नाव लिहिलेलं असतं. न गेलो तर आधीचा माणूस वीणा घेऊन अवघडून उभा राहणार, हे ठाऊक असतं. ग्रामसभेत आपल्यावाचून कुणाचं काही अडतं, असं कुणाला वाटतच नाही. तिथेही आळीवार नावं लिहून पाहू असं आम्ही म्हणतोय. तुमच्या तिकडच्या मराठी मंडळात तिकीट काढणारे शंभर आणि खुर्च्या लावणारे सहा, असं तू मागे लिहिलं होतंस, तेव्हा तुला हे पटेल.

म्हणून म्हणते, पैसे राहू देत. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं दत्तजयंती डिसेंबरच्या 23 तारखेवर गेलीय. सप्ताह 17 ला बसतो, 24 ला काला. तुझ्या नाताळच्या सुट्टीत इतका सोयीचा सप्ताह पुन्हा लवकर यायचा नाही.

रात्रीचे पहारे बायकांना देत नाहीत, हा विचार तुझ्या मनात येईल. असा नियम कुठे लिहिलेला नाही, वहिवाट आहे. दिवसाचे चार पहारे आम्हीच करतो. मी मामांशी बोलले. म्हटलं, गोदावरीच्या पलीकडे शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे, तुकोबांना गुरू मानून घरच्यांचा मार खाऊन त्या बाईनं अभंग रचले, आणि आपण लेकीला बापाच्या पहाऱ्याला उभं राहू देणार नाही? मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘एकटी नको, दोघी-तिघी असल्या तर माझी ना नाही, मी ओट्यावर बसून राहीन.’ कमिटीतल्या दोघांचा अजून नकार आहे. एकाला सर्दी-पडशाची काळजी, दुसऱ्याला लोक काय म्हणतील याची. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, आणि मामांचा शब्द त्यांना मोडवणार नाही. टाळ धरायला मी आहे, आणखी दोघी तयार आहेत. सात रात्री नको, तुला झेपतील तेवढ्याच. विमानातून उतरल्यावर तुझी झोप नाहीतरी उलटीसुलटी असते.

तुमच्या वाड्याची किल्ली आमच्याकडेच आहे. पावसात मागची पडवी गळली होती, पत्रा बदलून घेतलाय. मधली खोली झाडून ठेवते. नानांचे टाळ देवळातल्या पेटीत आहेत, दोरी मात्र नवी ओवावी लागेल.

यादी तुळशीच्या लग्नानंतर लिहायला घेतात आणि चार-पाच दिवसांत देवळात लावतात. एकदा लागली की बदलायला सगळे कुरकुर करतात, तेव्हा त्याआधी तारखा कळव. आणि जाड मोजे आण. सभामंडपाची फरशी रात्री बर्फासारखी गार पडते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात.

तुझी,
गावची मैत्रीण