दात खाणे

मराठीत ‘दातओठ खाणे’ म्हणजे रागावणे, आणि नुसते ‘दात खाणे’ म्हणजे बहुधा झोपेत वरच्या दातांवर खालचे दात करकर घासणे. भाषेने या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत. लोक मात्र त्यांची गल्लत करितात. झोपेत दात खाणारे मूल हट्टी तरी असले पाहिजे, नाहीतर त्याच्या पोटात जंत तरी झाले असले पाहिजेत, असा निकाल देऊन मोठी माणसे मोकळी होतात. आम्हीही एकदा असाच निकाल दिला होता. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. सहामाही परीक्षा जवळ आली असता पाचवीतील मुलांनी तक्रार आणिली की, एक मुलगा रात्री दात खातो व त्यामुळे कोणासच झोप लागत नाही. आम्ही विजेरी घेऊन गेलो. जात्यात खडा सापडावा तसा तो आवाज होता. मुलगा मात्र गाढ झोपेत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जंतांचे औषध दिले व त्याचे अंथरूण खोलीच्या अगदी टोकाला हलविले. मुलांनी त्याचे नाव ‘उंदीर’ ठेविले. ते आमच्या कानी आले होते. परंतु मुलांची थट्टा म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

आठवड्याभरात तो वर्गात पेंगू लागला. आम्ही रागे भरलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मी जागा राहिलो म्हणजे दात खाणार नाही ना?” दहा वर्षांचे मूल रात्रभर डोळे ताणून पडत होते, आणि त्याचे कारण आम्ही होतो. त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

योगायोग असा की, त्याच महिन्यात भाकरी खाताना आमच्या एका दाढेचा टवका उडाला. दंतवैद्यांनी तोंडात पाहून विचारिले, “सकाळी कानशिले दुखतात का? आपण रात्री दात खाता.” आम्ही साफ नाकारिले. घरी येऊन ही गोष्ट हसत सांगितली, तर आमच्या कुटुंबाने शांतपणे म्हटले, “अहो, मी पंधरा वर्षे ऐकते आहे. सांगून तुम्हांला पटले असते का?” ज्या अपराधासाठी आम्ही त्या मुलास टोकाला झोपविले, तो आम्ही स्वतः रोज करीत होतो, फरक एवढाच की आम्हांस कोणी उंदीर म्हणत नव्हते.

दंतवैद्यांकडून व पुढे वाचनातून जे कळले ते थोडक्यात असे. या क्रियेस ‘ब्रक्सिझम’ म्हणतात. हा शब्द दात खाणे याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. ती झोपेत होते तशी जागेपणीही होते; गणित सोडविताना किंवा चिंतेत असताना कित्येक जण नकळत दात आवळून धरितात. दात वेडेवाकडे असल्याने हे होते असे पूर्वी मानीत. आज त्याचे मूळ मुख्यतः मेंदूच्या व झोपेच्या व्यापारात शोधितात. झोप सावध असताना मेंदू क्षणभर चाळवतो, आणि जबड्याचे स्नायू आवळले जातात. चिंता, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, मद्य व काही औषधे यांनी हे वाढू शकते. २०१८ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी असे ठरविले की, एरवी निरोगी असलेल्या माणसात यास रोग न समजता स्नायूंची एक क्रिया समजावे. मात्र तिच्यापासून दातांस इजा होऊ शकते हे विसरू नये. दातावरील कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा, परंतु एकदा झिजले की ते पुन्हा वाढत नाही.

लहान मुलांत हे पुष्कळ आढळते, आणि बहुतेकांचे वय वाढते तसे आपोआप थांबते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी गोळी अवश्य घ्यावी. पण ती जंतांसाठी आहे, दातांसाठी नव्हे. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, अथवा सकाळी जबडा वा डोके दुखते म्हणत असेल, तर मात्र त्यास डॉक्टरांस दाखवावे. मोठ्यांच्या दातांस रात्री लावावयाचे आवरण मिळते. ते दंतवैद्यांकडूनच मापाने करून घ्यावे. त्याने दात वाचतात, सवय जातेच असे नाही. जागेपणी एक नियम सर्वांनी पाळावा: ओठ मिटलेले, दात सुटे. जबडा सैल असता वरच्या व खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट असते; खाताना व गिळताना तेवढी ती मिटावी. निजण्यापूर्वी पुस्तक व मोबाईल दोन्ही दूर ठेवावे.

आम्ही त्या मुलाचे अंथरूण पूर्वीच्या जागी आणविले आणि सर्व मुलांदेखत आपली तुटकी दाढ दाखवून सांगितले की, आम्हीही दात खातो. मुले प्रथम गप्प झाली, मग हसली, आणि त्या हसण्यात तोही होता. ते नाव लगेच गेले असे म्हणवत नाही. दात खाणेही वर्षभर मधूनमधून चालूच राहिले. पण तो त्या रात्रीपासून झोपू लागला.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. झोपेत दात खाणाऱ्या मुलास सकाळी जाब विचारू नये. त्यास काही ठाऊकच नसते. त्याऐवजी निजण्यापूर्वी घटकाभर त्याच्याजवळ बसावे व दिवस कसा गेला ते विचारावे. आणि आपणही रात्री दात खातो की काय, हे घरच्या माणसांस एकदा विचारून पाहावे.