चौथा नंबर

कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की गल्ली ब्राझीलची असते नाहीतर अर्जेंटिनाची. तिसरा पक्ष नसतो. आमची गल्ली ब्राझीलची. २ जुलै २०१०, संध्याकाळी साडेसात, बाहेर पाऊस, मंडळाच्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली. मी आठवीत. हाफटाइमला ब्राझील १-० पुढे होतं. मग वेस्ली स्नायडरने उजवीकडून बॉल आत टाकला, गोलकीपर आणि फेलिपे मेलोचा गोंधळ झाला आणि बॉल सरळ जाळ्यात. पंधरा मिनिटांनी कॉर्नरवर दुसरा गोल, तोही डोक्याने. उंची १७० सेंटिमीटर! गल्लीत सुतक पडलं. मी मनातल्या मनात नाचत होतो आणि ते सांगायची सोय नव्हती.

त्याच्याबद्दल बाकीचं नंतर वाचलं. उट्रेख्टचा पोरगा, आयाक्सच्या अकादमीत घडलेला. २००७ मध्ये रेआल माद्रिदने त्याला २.७ कोटी युरोंना घेतलं. दोन वर्षांनी रोनाल्डो आणि काका आले आणि हा नकोसा झाला. त्याच उन्हाळ्यात रॉबेनलाही काढलं. रॉबेन बायर्नला गेला, हा इंटर मिलानला. पुढच्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची फायनल झाली ती माद्रिदच्याच मैदानावर, इंटर विरुद्ध बायर्न. ज्यांना विकलं ते दोघे तिथे, आणि विकणारे घरी! इंटर २-० जिंकलं. मिलितोने मारलेल्या पहिल्या गोलचा पास स्नायडरचा. लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही एका मोसमात.

आणि मग वर्ल्ड कप फायनल. आपल्याकडे रात्रीचे बारा, सकाळी शाळा. बाबा पाचला उठणारे, तरी माझ्यासोबत बसले, टीव्हीचा आवाज बंद करून. ६२व्या मिनिटाला स्नायडरने स्पेनच्या बचावफळीतून असा पास काढला की रॉबेनसमोर फक्त कासियास उरला. कासियास दुसरीकडे झेपावला होता, पण मागे राहिलेल्या पायाला बॉल लागला आणि बाहेर गेला. मी उशीवर बुक्की मारली. बाबांना फुटबॉलमधलं फार कळत नाही. ते म्हणाले, "ह्यानं तर बरोबर दिलावता की."

११६व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल केला. संपलं.

त्या वर्षीच्या बॅलन डी’ओरमध्ये मेसी, इनिएस्ता, शावी असे पहिले तीन. स्नायडर चौथा. यातली मेख मला नोकरी लागल्यावर कळली. त्याआधी हा पुरस्कार पत्रकारांच्या मतांवर ठरायचा. त्याच वर्षी तो फिफाच्या पुरस्कारात विलीन झाला आणि राष्ट्रीय संघांचे कप्तान आणि प्रशिक्षकही मतं देऊ लागले. नुसती पत्रकारांची मतं मोजली असती तर स्नायडर पहिला होता. म्हणजे काम तेच, मोजायचा फॉर्म्युला बदलला. ज्याचं अप्रेझल झालंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुढची वर्षं उताराची. इंटरने पगार कमी करायला सांगितला, याने ऐकलं नाही, तर बाहेर बसवलं. जानेवारी २०१३ मध्ये तो गालातासारायला गेला. २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर १३४ आंतरराष्ट्रीय सामने होते. नेदरलँड्सच्या पुरुष संघाकडून एवढे कुणीच खेळलेलं नाही. २०२० मध्ये तो म्हणाला की मीही मेसी-रोनाल्डोसारखा होऊ शकलो असतो, पण मला तेवढं नको होतं. त्यांनी केला तेवढा त्याग करायचा नव्हता, मला आयुष्य मजेत जगायचं होतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काय माणूस आहे! रील्सवर सगळे पहाटे चारला उठून ग्राइंड करतायत आणि हा सरळ सांगतोय, नको होतं.

मग मी पुन्हा डिसेंबर २०१३ची क्लिप पाहिली. इस्तंबूलमध्ये युव्हेंटसविरुद्धची मॅच बर्फामुळे थांबली आणि उरलेली दुसऱ्या दिवशी खेळवली. मैदान म्हणजे निव्वळ चिखल. ८५व्या मिनिटाला बॉल या २९ वर्षांच्या, इंटरने नको म्हटलेल्या माणसाकडे आला. त्याने गोल मारला आणि युव्हेंटस स्पर्धेबाहेर. त्यानंतरचा त्याचा चेहरा तुम्हीच बघा. नको असलेल्या माणसाचा तो चेहरा मला तरी वाटत नाही.

हे मी एवढं लावून धरतोय त्याला कारण आहे. यंदा लीडची जागा माझ्या टीममधल्या दुसऱ्याला मिळाली. वर्षभर ज्या मॉड्यूलसाठी मी जागलो, त्याचा डेमो त्याने दिला होता. पोरगा चांगला आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. हिंजवडीहून परत येताना बाबांचा फोन आला. मी हसत म्हणालो, "बाबा, मला तसलं नकोच होतं. उगाच मीटिंगा, डोक्याला ताप."

बाबा जरा वेळ गप्प होते.

"मग रात्री दोन-दोनपर्यंत जागत कशाला बसायलातास?"

मी म्हटलं, फोनचं चार्जिंग संपतंय, घरी जाऊन लावतो. ६८ टक्के होतं.